समासात

हलगेकर सरांच्या वाचनालयात
मी नवं पुस्तक मागून उघडते.
आधी किंमत, मग कार्डावरचे नंबर,
आपल्याआधी कोण कोण वाचून गेलं त्यांचे.
माझा दोनशे नऊ.

दुकान शहापुरात, खडेबाजाराच्या बोळात.
फॉल, पिको, ब्लाऊजला अस्तर.
गिऱ्हाईक नसलं की पुस्तक मशीनला टेकवते
आणि कानावरची पेन्सिल काढते.

ह्या पावसाळ्यात एका नटीचं आत्मचरित्र आणलं.
चारशे पानं, मधे सोळा गुळगुळीत फोटो.
एकातही तिच्या हातात काही नाही,
पिशवी नाही, छत्री नाही, कुणाचं पोर नाही.
लिहिते, "मी रात्रभर रडले."
पुढच्या ओळीत विमान.
मी समासात विचारलं:
उशीचा अभ्रा कोणी धुतला?

एका खेळाडूनं एका हरलेल्या सामन्याला पंधरा पानं दिली
आणि आईला दीड.
पण त्या दीड पानात ती तांदूळ निवडत अशी बसलीय,
एक पाय लांब करून, खडा उडवून अंगणात,
की माझ्या हातून बॉबिन सुटली.
बाकीचं पुस्तक मी चाळलं फक्त.

आत, बारीक अक्षरात, "शब्दांकन" आणि एक नाव.
फॉलचा टाका वरून दिसला तर बायका पैसे कापतात.
मी त्या नावाभोवती गोल केला.
दिसलास बाबा.

कादंबऱ्यांचं दुखणं वेगळं.
हल्लीच्या नायिका खिडकीत उभ्या असतात,
कॉफी निवते, सत्तराव्या पानापर्यंत निवतच असते.
घरभाड्याची तारीख कुणालाच येत नाही.
"काय वो, एवढं काय वाचताय?" शिवगंगा विचारते.
"एक बाई खिडकीत उभी आहे."
"अजून?"
"अजून."

एकीत मात्र गावाला नाव नव्हतं, माणसांना नव्हतं,
पूर्णविरामसुद्धा मोजून चार.
वैतागून ठेवणारच होते, तर एकशे बाराव्या पानावर
नवरा अंधारात विचारतो, झोपलीस?
आणि ती जागी असून उत्तर देत नाही.
तिथं मी काही लिहिलं नाही.
पेन्सिल टेकवली होती, ठिपका उमटलाय तेवढा.

दोन महिन्यांनी तीच कादंबरी पुन्हा नेली, त्या पानासाठी.
ठिपक्याशेजारी, गोल गोल कन्नड अक्षरांत:
हौदु.
होय.

मला कन्नड येतं बसच्या पाट्यांपुरतं.
खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती.
तरी पळत जाऊन नटीला परत आणलं,
सर म्हणाले, "ही तुम्हाला आवडली नव्हती की."
माझ्या अभ्य्राच्या प्रश्नाखाली एक शब्द होता.
एकेक अक्षर बोटानं लावत गेले.
नानु.
म्हणजे, मी.

कुणाच्या उशा, कुठल्या घरात, किती वर्षं,
ती की तो, काहीच नाही लिहिलेलं.
कार्डावर माझ्याखाली चारशे सतरा.
रजिस्टर सरांच्या टेबलावर उघडंच असतं,
मी पानाकडे पाहिलं नाही.
त्यांनी आता पाटी लावलीय, दोन्ही भाषांत,
पुस्तकांत लिहू नये.
खोडरबर घेऊन बसतात दुपारचे.
नटीचा अभ्रा अजून त्यांच्या हाती लागला नाही.

काल एका गवयाच्या आठवणी आणल्या.
म्हणतो, मला टाळ्यांचा मोह कधीच नव्हता.
मी पहिल्यांदाच कन्नडात लिहायला घेतलं: सुळ्ळु.
खोटं.
ळला खालून ळ जोडायचा कसा,
ते शिवगंगाच्या पोरीनं बिलाच्या मागं काढून दाखवलं.
माझा ळ जरा लंगडाच आला.
वाचता येईल, असं पोर म्हणाली,
आणि बाहेर कुणीतरी ओरडत होतं,
फॉल झाला काय वो.